कुलूपवाल्याची खोडलेली ओळ

त्या कोर्टात वकील तिला आत्या म्हणत, शिपाई आत्या म्हणत, आणि एकदा तर एका पाकीटमारानं पिंजऱ्यातून विचारलं होतं, "आत्या, जरा सावकाश बोलू का?" याचं सगळं श्रेय तिच्या भाच्याला. वकिलीच्या पहिल्याच महिन्यात त्याला साक्षीदाराचं आधीचं वाक्य पुन्हा ऐकायचं होतं. रीतसर विनंती करायची सोडून तो गडबडला आणि भर कोर्टात म्हणाला, "आत्या, वाच ना गं!" न्यायाधीशांसकट सगळे हसले. भाच्यानं वर्षभरात काळा कोट खुंटीला टांगला आणि विमा विकायला लागला. आत्या मात्र कायमची साऱ्या इमारतीची आत्या झाली.

ती लघुलेखिका. न्यायाधीशांच्या मंचाच्या पायाशी, एका अरुंद टेबलामागे बसून बत्तीस वर्षं कोर्टातला शब्दन्‌शब्द टिपत आलेली. मधे यंत्रं आली. तिनं ती एकदा न्याहाळली, "छान आहेत" म्हणाली आणि पेन्सिलीला टोक काढलं. कानातून आलेलं थेट बोटांत जायचं, वाटेत डोक्याला तसदी नाही, अशी तिची ख्याती. ती थोरल्या भावाकडे राही. दादा चित्रकलेचा निवृत्त मास्तर. संध्याकाळी तो विचारी, "आज काय झालं खटल्यात?"

"वही बघून सांगावं लागेल."

त्याला ती थट्टा वाटे, पण थट्टा नव्हती. शब्द तिच्यात मुक्कामाला राहतच नसत. राहत ते फक्त खोडलेले.

फौजदारी कोर्टात बोललेलं सगळंच टिकत नाही. कुणी ऐकीव सांगतो, कुणी विषय सोडून भलतंच काही. मग वकील "हरकत!" म्हणतो, न्यायाधीश म्हणतात "वगळा", आणि लघुलेखिका त्या ओळीवर एक सरळ रेघ मारते. शुद्ध प्रतीत ती ओळ येत नाही. वरच्या कोर्टाच्या हाती पडते ती शुद्ध प्रत. म्हणजे जे खोडलं ते कुणी बोललंच नाही. कच्च्या वह्या सात वर्षांनी लगद्यात जातात. आत्याचा हात या कामात इतका तयार की 'वगळा'मधला 'व' ऐकू आला की रेघ पडलेली असे.

नऊ वर्षांपूर्वी, ती ज्या साहेबांच्या कोर्टात होती आणि अजूनही आहे, तिथं एका कुलूपवाल्यावर खुनाचा खटला चालला. एका गोदामाच्या मालकाला कुणीतरी संध्याकाळी साडेसहाला मारलं होतं. गोदामाचं कुलूप न फोडता उघडलेलं होतं, आणि असं कुलूप उघडणारा माणूस पोलिसांना पहिल्या गल्लीतच सापडला. त्याला सरकारनं दिलेला वकील जांभया देत होता. चौथ्या दिवशी कुलूपवाला पिंजऱ्यात अचानक उभा राहिला आणि थेट न्यायाधीशांकडे बघून बोलला, "साहेब, त्या दिवशी साडेसहाला मी तुमच्या त्या दुसऱ्या घराचं कुलूप उघडत होतो, तुम्ही स्वतः दारात उभे होतात."

कोर्टात हशा पिकला. पहिला हसला तो त्याचा स्वतःचा वकील. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "वगळा."

रेघ पडली.

कुलूपवाल्याला जन्मठेप झाली. अपिलात वरच्या कोर्टानं शुद्ध प्रत वाचली. तिच्यात तो माणूस चौथ्या दिवशी गप्पच बसलेला होता. चौथ्या वर्षी तो तुरुंगात छातीच्या दुखण्यानं गेला.

आणि ती रेघ मारली त्या दिवसापासून आत्याची बोटं ऐकेनात. कोर्ट सुटायच्या सुमाराला, पाचच्या आसपास, उजव्या हाताला आपोआप चाळा लागे. टेबलाच्या कडेवर, बसच्या दांडीवर, मांडीवर. कधी हाती पेन्सिल असली तर वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लघुलिपीतल्या त्याच खुणा उमटत, त्याच क्रमानं, आणि शेवटी त्यांच्यावरून रेघ. ती बाकी काही लिहायला गेली तरी आधी ही ओळ उतरे, मग बाकीचं. कुलूपवाल्याच्या सदऱ्याला यंत्राच्या तेलाचा वास येई. तोच वास मग संध्याकाळी घरी स्वयंपाकघरात यायचा. खिडकी उघडली तर आणखी यायचा.

दादाला लघुलिपी येत नव्हती. तो म्हणे, "पुन्हा कोंबडी नाचली वाटतं पेपरवर. पाहुणा येऊन गेला का?"

"हो."

"चहा विचारायचास."

असं हसण्यावारी नेलं की संध्याकाळ सरे. पण दादानं त्या कडा कधी रद्दीत घातल्या नाहीत. कात्रीनं कापून एका डब्यात ठेवल्या.

मग नऊ वर्षांनी एका घरमालकिणीनं पेपरात तोंड उघडलं. साहेबांनी तिच्याकडे वरच्या मजल्यावर गुपचूप दोन खोल्या घेतल्या होत्या. तिथं कोण राहत होतं याची चर्चा गावभर झाली. कामाची गोष्ट एवढीच, की त्या खुनाच्या संध्याकाळी किल्ली हरवली म्हणून साहेबांनी कुणा कुलूपवाल्याला बोलावलं होतं. कोणाला, ते तिला सांगता येईना. तिनं जिन्यावरून फक्त पाठ पाहिली होती. बोभाटा झाला, साहेब रजेवर गेले आणि विधिमंडळात त्यांच्यावर महाभियोग चालवायचं ठरलं. ज्या माणसाच्या बाजूचे साक्षीदार आपणच आहोत हे ठाऊक असून त्याचाच न्याय केला, असा आरोप.

एका सकाळी आत्याच्या दारात पस्तिशीची बाई उभी राहिली. नखांत काळं तेल. कुलूपवाल्याची मुलगी, दुकान आता तीच चालवायची.

"बाबा भेटीच्या वेळी एकच सांगायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, मी बोललो होतो गं. भर कोर्टात बोललो होतो. मी निकाल अन्‌ निकाल वाचला. त्यात नाहीये."

आत्यानं खाली बघितलं. "मी खोडलं."

"माहितीये. शिपायानं सांगितलं." मुलगी बसली नाही. "साहेबांची खुर्ची जावो नाहीतर राहो, मला त्याचं सोयरसुतक नाही. बाबांचं वाक्य एकदा कुठंतरी लिहिलेलं राहू दे. न खोडता. तेवढं तुमच्याच हातात आहे, आत्या."

तीही आत्याच म्हणाली. भाच्याचे उपकार.

कच्ची वही केव्हाच लगद्यात गेलेली, म्हणून साक्षीला आत्याचंच नाव निघालं; साक्षीच्या आदल्या दिवशी सभागृहाच्या सचिवानं आत्याला बोलावून घेतलं. खोकल्याच्या गोळ्या चघळणारा, कागदांत बुडालेला माणूस. आत्यानं हजारो साक्षीदार पाहिलेले, तेव्हा तिनं नेमके प्रश्न काढले.

"न्यायाधीश किती असतील?"

"नव्वद. सगळे सभासद."

"त्यांतले आरोपीच्या ओळखीचे किती?"

"सगळेच. एक तर त्यांचा मेहुणा आहे."

"तो बाजूला बसेल ना?"

"बाजूला कशाला? मत देईल."

आत्यानं खुर्ची पुढे ओढली. तिच्या कोर्टात निकालाला बसलेला एक पंच आरोपीच्या गल्लीत दूध घालतो एवढ्यावरून घरी पाठवला होता. "आणि आरोप मांडणारे वकील?"

"दुसऱ्या सभागृहातले पाच सभासद. उद्या तुम्हाला विचारणार आहेत ते दंतवैद्य आहेत."

"ऐकीव चालतं?"

"हरकत कुणी घेतली नाही तर सगळंच चालतं. हरकत घेतली तर सभापती निर्णय देतात. तो निर्णय सभासदांना पटला नाही तर मत टाकून फिरवतात."

"न्यायाधीशांचा निर्णय फिरवतात? तिथल्या तिथं?"

"हात वर करून." सचिवानं नवी गोळी सोलली. "बाई, हे कोर्टासारखं दिसतं, एवढंच. संशयापलीकडे सिद्ध व्हायला हवं असंही कुठं लिहिलेलं नाही. ज्याला जेवढं पटेल तेवढं. साठ मतं पडली तर खुर्ची गेली."

"आणि तुरुंग?"

"तो आमच्याकडे नाही. खुर्ची जाते, बस्स. अपीलही नाही. नाही पडली साठ, तर सोमवारी साहेब कामावर."

"आणि त्या कुलूपवाल्याची शिक्षा?"

सचिवानं पहिल्यांदा कागदातून डोकं वर काढलं. "ती तुमच्या कोर्टाची. तिला आम्ही हात लावू शकत नाही. पण एक आहे. इथं बोललेलं सगळं छापतात."

घरी आल्यावर दादानं विचारलं, "घाबरलीस का?"

"नव्वद न्यायाधीश आहेत, दादा. आणि दाताचा डॉक्टर."

"मग तोंड उघडायला सांगेल तेव्हा उघड. दुखलं तर हात वर कर."

सभागृह ऐसपैस होतं. पिंजरा नाही, साहेब गादीच्या खुर्चीत, समोर पाण्याचा ग्लास. नव्वदातले वीसेक बाहेर फिरत होते, दोघं पेपर वाचत होते, मागच्या रांगेत एक डुलकी घेत होता. आत्याच्या कोर्टात पेंगणाऱ्या पंचाला साहेबांनी ताकीद दिली असती. इथं पेंगणाराच न्यायाधीश. एका कोपऱ्यात सभागृहातलं बोलणं टिपणारा प्रतिवेदक बसला होता. त्याच्या मनगटाच्या ठेवणीवरून आत्यानं ओळखलं, हा आपल्याच जातकुळीचा. त्यानं मान लववली.

दंतवैद्य सभासद गोड आवाजात म्हणाले, "त्या दिवशी कुलूपवाला काय बोलला, ते सांगा."

आत्यानं तोंड उघडलं. ओळ आली नाही. अर्थ ठाऊक होता, पण शब्द ज्या क्रमानं तो बोलला त्या क्रमानं हवे होते, आणि अंदाजानं तिनं आयुष्यात कधी काही वाचून दाखवलेलं नव्हतं. कठड्यावर बोटं मात्र सुरू झाली होती.

"साक्षीदार बोलत का नाहीत?" सभापती म्हणाले.

"मला पेन्सिल हवी," आत्या म्हणाली. "शब्दशः हवं असेल तर ते माझ्या हातात आहे, तोंडात नाही."

साहेबांचे वकील ताडकन उठले. साक्षीदाराला साधनं पुरवायची हे कुठल्या कायद्यात बसतं? कुठल्याच नाही, म्हणून मतदान झालं. बाहेर फिरणाऱ्यांना घंटा वाजवून आत बोलावलं आणि नव्वद माणसांच्या त्या सभागृहानं एका पेन्सिलीवर हात वर केले. एक्कावन्न विरुद्ध अडतीस. पेंगणाऱ्याला शेजाऱ्यानं कोपर मारलं आणि त्यानंही काय ते न विचारता हात वर केला.

पेन्सिल आली. आत्यानं कागदावर हात ठेवला आणि खुणा उतरल्या, नऊ वर्षं रोज उतरत होत्या तशा. तेलाचा वास इतका दाटला की तिनं मागं वळून बघितलं. मागं फक्त दार होतं. मग तिनं कोर्टात वाचायची तशा सपाट आवाजात वाचलं, "साहेब, त्या दिवशी साडेसहाला मी तुमच्या त्या दुसऱ्या घराचं कुलूप उघडत होतो, तुम्ही स्वतः दारात उभे होतात."

या वेळी कुणी हसलं नाही. पेपर खाली आले. प्रेक्षकांच्या सज्जात कुलूपवाल्याची मुलगी उठून उभी राहिली.

"हरकत!" साहेबांचे वकील ओरडले. "कोर्टानं एकदा नोंदीतून काढलेलं वाक्य इथं मागच्या दारानं येऊ शकत नाही."

सभापतींनी क्षणभर विचार केला. "हरकत मान्य. वगळा."

आणि आत्यानं रेघ मारली.

तिला कळायच्या आत ती पडली होती. डावीकडून उजवीकडे, पट्टीनं आखल्यासारखी. लगोलग पाठीमागच्या बाकावरून कुणीतरी सभापतींच्या निर्णयावर मत मागितलं. हात वर झाले, मोजले गेले. सत्तेचाळीस विरुद्ध बेचाळीस. निर्णय फिरला. वाक्य नोंदीत राहणार होतं. तिच्या कोर्टात असं कधी घडलं नव्हतं. वगळलेलं परत आलेलं तिनं बत्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"तो कागद सभागृहासमोर ठेवा," दंतवैद्य म्हणाले.

शिपायानं कागद उचलला. साहेबांच्या वकिलांनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि फार हळू आवाजात विचारलं, "बाई, ही ओळ कुणी खोडली?"

"मी."

"आत्ता? तुम्हाला कुणी सांगितलं होतं खोडायला? तुम्ही इथं लघुलेखिका नाही, साक्षीदार आहात."

"सवयीनं," आत्या म्हणाली.

"म्हणजे हे वाक्य खोडायची तुम्हाला सवय आहे." ते वळले. "माननीय सभासदहो, जिचं वाक्य तिलाच टिकवावंसं वाटत नाही..."

दादाला तिनं नंतर सांगितलं, त्या वेळी तिला फक्त सज्जा दिसत होता. मुलगी खाली बसली होती.

दोन दिवसांनी निकाल. एकेकाचं नाव पुकारलं, एकेक उठून बोलला. मेहुण्यानं मत देताना रुमालानं घाम पुसला आणि साहेबांच्या बाजूनं दिलं. शेवटी सभापतींनी वाचलं: ठरावाच्या बाजूनं अठ्ठावन्न. साठ हवी होती. ठराव संमत झाला नाही. आत्या थांबून राहिली. तिच्या कोर्टात यापुढे न्यायाधीश म्हणतात, आरोपी निर्दोष आहे. इथं तसं कुणी म्हणालंच नाही. सभापती म्हणाले, पुढचा विषय पाटबंधारे. साहेबसुद्धा आणखी एखाद्या वाक्याची वाट बघत असावेत, कारण शिपायानं हलवेपर्यंत ते खुर्चीतून उठले नाहीत.

आठवड्यानं छापील कामकाज आलं. प्रतिवेदकानं काहीच गाळलं नव्हतं. कुलूपवाल्याची ओळ होती, अख्खी, काळ्या शाईत. हरकत होती, सभापतींचा निर्णय होता, हातांची मोजदाद होती, आणि मधे कंसात एक नोंद होती: साक्षीदाराने कागदावरील ओळ स्वतः खोडली.

मुलगी ते घेऊन आली. दोघींनी टेबलाशी बसून पान वाचलं. कंसाशी मुलीचं बोट थांबलं.

"दोनदा," ती म्हणाली.

"दोनदा," आत्या म्हणाली.

मुलीनं पानाची घडी घातली. "हे घेऊन मी वकिलाकडे गेले होते. तो म्हणाला, खटला पुन्हा उघडायला कोर्टाला कोर्टाचा कागद लागतो. तिथल्या छापील पानाला इथं कुणी विचारत नाही. आणि त्यातून हा कंस." ती दारापर्यंत गेली. "माझा राग नाही तुमच्यावर. पण मी पुन्हा येणार नाही."

आत्यानं बदलीचा अर्ज केला. कचेरीचं उत्तर आलं: महाभियोग हे न्यायालयीन कामकाज नसल्याने न्यायालयाच्या दप्तरी काहीही घडलेले नाही, सबब बदलीस कारण दिसत नाही. दादानं ते दोनदा वाचलं. त्याला कोटी सुचली असावी, पण त्यानं ती केली नाही.

सोमवारी साहेब मंचावर चढले, आत्या खाली टेबलामागे. सायकलचोरीचा खटला होता. दुपारी आरोपी मधेच काही बडबडला. वकील म्हणाला, "हरकत." आत्याची पेन्सिल वर झाली. 'वगळा' हा शब्द येईना. तिनं वर बघितलं. साहेब तिच्या हाताकडे बघत होते.

"पुढे चला," ते म्हणाले.

मंगळवारीही तेच. बुधवारीही. हरकती येत, साहेब आत्याच्या पेन्सिलीकडे बघत आणि म्हणत, पुढे चला. वह्या भराभर भरू लागल्या. शिव्या, ऐकीव, रडारड, सगळं राहू लागलं. वकील बाहेर कुजबुजत, साहेबांना झालंय काय?

गुरुवारी पाचच्या सुमाराला कोर्ट रिकामं झालं. शिपाई खिडक्या लावायला पलीकडच्या दालनात गेला. साहेब मात्र मंचावर बसून राहिले. ते उठल्याशिवाय आत्याला उठता येत नव्हतं. न्यायाधीश खुर्चीत आहेत तोवर कोर्ट चालू असतं. तिची बोटं टेबलाच्या कडेवर चालली होती. तिनं ती थांबवली नाहीत.

"आत्या," साहेब म्हणाले, "त्यांनी मला निर्दोष म्हटलं नाही."

"नाही, साहेब."

"तुम्ही माझ्यापुढे हजारो निकाल लिहिलेत. दोषी, निर्दोष. मला एक आकडा दिला त्यांनी. अठ्ठावन्न. त्याचं करायचं काय माणसानं?"

लघुलेखिकेनं बोलायचं नसतं.

मग साहेब, जणू पुरावा सांगावा तसे, सावकाश म्हणाले, "पाऊस होता, दारापुढची गॅलरी उघडी. त्याच्या हातातून अवजार दोनदा निसटलं. तो म्हणाला, साहेब, जरा छत्री धरता का? मी धरली. पंधरा-वीस मिनिटं मी त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो. साडेसहाचा भोंगा आम्ही दोघांनी ऐकला."

आत्याची पेन्सिल केव्हाच वहीवर होती. छत्री टिपली, अवजार टिपलं, भोंगा टिपला. वेळ लिहिली, तारीख घातली. मथळ्यात खटल्याचं नाव यायचं, तिथं तिनं कुलूपवाल्याच्या जुन्या खटल्याचा क्रमांक लिहिला. तो तिला वही न बघता आठवला.

मग तिनं वर बघितलं. साहेब तिच्या हाताकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले. एका शब्दाची जागा होती, आणि दोघंही त्या शब्दाकडे कान लावून बसले होते. पलीकडे शिपाई खिडक्या आपटत होता.

शब्द आला नाही. साहेबांनी चष्मा काढला, उठले आणि आतल्या दारानं गेले. कोर्ट संपलं.

आत्यानं दादाला निरोप धाडला की यायला उशीर होईल, टंकयंत्रावरचं झाकण काढलं आणि शुद्ध प्रत करायला बसली.